‘एका पॅचला पाच आठवडे?’ : तुमच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार. तुम्ही एक स्टार देऊन तीन तक्रारी मांडल्या आहेत. झेड/ओएस या तुमच्या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या एका सिक्युरिटी पॅचला आम्ही पाच आठवडे घेतले, त्यासाठी मशीन दोनदा बंद केलं, आणि चाचणीचं वेगळं बिल लावूनही सोमवारी सकाळी रिपोर्टचा जॉब अडकला. तिसरी तक्रार खरी आहे आणि चूक आमची आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल.

तो जॉब पडला नव्हता, सुटलाच नव्हता. तुमचा ऑटोमेशनचा एक रेक्स प्रोग्राम कन्सोलवरच्या मेसेजमधला ठरावीक जागेवरचा शब्द वाचतो आणि त्यावरून पुढचा जॉब सोडतो. नव्या पीटीएफने (आयबीएमच्या पॅचने) त्या मेसेजचा मजकूर बदलला, शब्द चार अक्षरं उजवीकडे सरकला आणि रेक्स वाट बघत बसला. आयबीएमने याची सूचना आधीच दिली होती. त्या पीटीएफवर ‘एओ’ होल्ड, म्हणजे बसवण्याआधी थांबून वाचायची खूण, होता. या होल्डचा अर्थच ‘ऑटोमेशन तपासा’ असा आहे. आम्ही होल्डची अख्खी लिस्टिंग तुम्हाला मेल केली, पण त्यातली ही एक ओळ तुम्ही शोधून काढाल अशी अपेक्षा ठेवणं चुकीचं होतं. मेसेजचा क्रमांक घेऊन तुमच्या रेक्स लायब्ररीत सुपरसी या शोध-साधनाने सर्च मारायला दहा मिनिटं पुरली असती. ते काम आमचं होतं. सोमवारच्या दुरुस्तीचं बिल लावलेलं नाही, लावणारही नाही.

आता पाच आठवड्यांबद्दल. ‘अप्लाय’ (पॅच सिस्टिमवर बसवणं) स्वतः मेनफ्रेमवरही एका रात्रीचंच काम आहे. पण तो पीटीएफ एकटा येत नव्हता. त्याला आधीचे प्री-रिक्विझिट हवे होते, त्यांना त्यांच्या आधीचे, आणि तुमची सिस्टिम बरीच मागे राहिली होती. अशा वेळी सुटे पीटीएफ वेचण्यापेक्षा आयबीएमच्या एकत्रित चाचणीतून गेलेला तिमाही संच, म्हणजे आरएसयू, घेणं जास्त सुरक्षित, असं आमचं ठाम मत आहे. उदाहरणार्थ आरएसयू२४०३ मध्ये डिसेंबर २०२३ अखेरपर्यंतची साधी मेंटेनन्स असते, आणि त्यानंतरच्या फक्त हायपर (गंभीर आणि व्यापक बिघाडांच्या), सिक्युरिटी आणि बिघडलेल्या पीटीएफच्या दुरुस्त्या.

पहिला आठवडा एसएमपी/ई या पॅच बसवणाऱ्या साधनाच्या ‘अप्लाय चेक’मध्ये, म्हणजे रंगीत तालमीत, गेला. ग्रुपएक्स्टेंड हा पर्याय देऊन तो चालवायचा, की लागणारे बाकीचे पीटीएफ तो स्वतःच ओढून घेतो. मग रिपोर्टमधले होल्ड एकेक करून वाचायचे. सिस्टिम होल्ड (अ‍ॅक्शन, डॉक, आयपीएल म्हणजे सिस्टिम पुन्हा सुरू करणं, एओ) वाचून, सांगितलेलं काम करून मगच बायपास करायचे. एरर होल्ड मात्र बायपास करायचा नाही. तो म्हणजे त्या पीटीएफमध्येच दोष सापडला आहे; दुरुस्ती येईपर्यंत त्याला बाहेर ठेवायचं. होल्डडेटा (होल्डची ताजी यादी) अप्लायच्या आदल्या दिवशी पुन्हा उतरवायचा, कारण महिनाभरापूर्वी चांगला असलेला पीटीएफ आज बिघडलेला ठरलेला असू शकतो. तुमच्या जेईएस२ (जॉब रांगेत लावून चालवणारा भाग) एक्झिटचं, म्हणजे त्याला जोडलेल्या तुमच्या कोडचं, रीअसेंब्लीही याच आठवड्यातलं.

दुसऱ्या आठवड्यात सिस्रेसची, म्हणजे सिस्टिम जिच्यावरून सुरू होते त्या डिस्कची, प्रत काढली. चालू सिस्रेसवर अप्लाय कधीच करायचा नाही. लिंकलिस्टमधली (सगळ्या प्रोग्रामना खुली असलेली) लायब्ररी चालू असताना डिस्कवरच्या नव्या तुकड्यात (एक्स्टेंटमध्ये) वाढली, की पुढच्या लोडला एस१०६ नावाचा, प्रोग्राम अर्ध्यात पाडणारा अ‍ॅबेंड येतो, आणि तो भर दुपारीही येऊ शकतो. प्रत काढल्यावरचा खरा धोका डीडीडेफमध्ये, म्हणजे कोणती लायब्ररी कुठे आहे हे एसएमपी/ईला सांगणाऱ्या नोंदींमध्ये, असतो. टार्गेट झोनची (एसएमपी/ईच्या नोंदवहीची) कॉपी झाली तरी आतले डीडीडेफ जुन्याच व्हॉल्यूमकडे आणि युनिक्सच्या जुन्याच पाथकडे बोट दाखवत असतात. झोनएडिट कमांडने प्रत्येक पाथच्या पुढे ‘/सर्व्हिस’ लावला नाही, तर अप्लाय प्रतीवर न होता थेट चालू रूटवर (युनिक्सच्या मूळ फाइलसिस्टिमवर) होतो. एकही पाथ सुटलेला नाही ना, हे आम्ही दोघं जण वेगवेगळं तपासतो. अप्लाय चेक स्वच्छ गेला तरी जागा पुरेल याची हमी नसते, कारण चेक लायब्ररीत काही लिहीतच नाही. डिरेक्टरी ब्लॉक (लायब्ररीच्या अनुक्रमणिकेची जागा) आणि मोकळी जागा आधी हाताने बघावी लागते.

तिसरा आठवडा सँडबॉक्स एलपारचा, म्हणजे मशीनच्या फक्त चाचणीसाठी राखलेल्या भागाचा. आयपीएल झालं, जेईएस२ आणि टीसीपी वर आले, एवढ्यावर चाचणी संपत नाही. सीआयसीएस (ऑनलाइन व्यवहार चालवणारा भाग) आणि डीबी२ डेटाबेस उठवायचे, रात्रीची बॅच चालवायची, आणि मुख्य म्हणजे परतीची वाट तपासायची. एसएमपी/ईचा ‘रिस्टोअर’ कागदावर सोपा दिसतो. पण तो डिस्ट्रिब्युशन लायब्ररीतून (जिथे कायम केलेली, म्हणजे अ‍ॅक्सेप्ट केलेली, पातळी असते) जुना भाग आणतो. मधले पीटीएफ अ‍ॅक्सेप्ट केलेले नसतील, तर त्यांनाही सोबत काढावं लागतं. त्यामुळे परत फिरायचं म्हणजे जुन्या सिस्रेसच्या पत्त्यावरून पुन्हा आयपीएल. तो आम्ही सँडबॉक्सवर करून पाहिला, नव्यावरून जुन्यावर आणि पुन्हा नव्यावर. चौथा आठवडा डेव्हलपमेंटवर गेला. तिथे तुमचे प्रोग्रामर रोज काम करतात, म्हणून जे सँडबॉक्सवर दिसत नाही ते तिथे दिसतं. तरी एक मान्य करतो: सँडबॉक्सचे चार दिवस आमच्याकडे माणूस मोकळा नसल्याने गेले. ते वाचायला हवे होते.

मशीन दोनदा बंद केलं, असं नाही झालं. तुमच्या सिसप्लेक्समध्ये (एकत्र काम करणाऱ्या सिस्टिमच्या गटात) दोन एलपार आहेत. एका रविवारी पहिल्याचं आयपीएल केलं तेव्हा दुसरा काम करत होता, पुढच्या रविवारी उलट. मधला आठवडा नवी आणि जुनी पातळी शेजारी शेजारी चालली. त्यासाठी लागणारे टॉलरेशन पीटीएफ (जुन्या पातळीला नवीसोबत चालू देणारे) जुन्या बाजूला आधीपासून आहेत याची खात्री करून घेतली होती. दोन्ही एकदम उतरवले असते तर एक रविवार वाचला असता, पण गडबड झाल्यावर सावरून घ्यायला दुसरी बाजू उरली नसती.

बिलातला ‘चाचणी’ हा आकडा वर लिहिलेल्या सँडबॉक्स आणि डेव्हलपमेंटच्या कामाचा आहे. त्यातले वर सांगितलेले चार दिवस वजा करून सुधारित बिल पाठवतो.

एक विनंती आहे. आम्ही अजून ‘अ‍ॅक्सेप्ट’ केलेलं नाही, तिमाही-अखेरची बॅच नीट पार पडल्यावर करू. तोपर्यंत जुन्या सिस्रेसचे व्हॉल्यूम ऑफलाइन दिसतील. स्टोरेजच्या टीमने ते रिकामे समजून दुसऱ्या कुणाला देऊ नयेत, एवढं त्यांना आजच कळवा.