३१ डिसेंबरच्या मेजवानीबद्दलच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

तारकर्लीच्या आमच्या निवासात ३१ डिसेंबरला झालेल्या आपल्या घरगुती मेजवानीबद्दल आपण तीन तक्रारी नोंदवल्या आहेत: आंबा घातलेल्या वाईनला बुडबुडेच नव्हते, आंबा डब्यातला होता आणि शॅम्पेनच्या नावाखाली नाशिकची वाईन देण्यात आली. आपला अभिप्राय इतर पाहुणेही वाचतात, म्हणून उत्तर येथेच देत आहे.

शॅम्पेनचा मुद्दा आधी घेतो. आमच्या मेन्यूकार्डावर आणि आपल्या बिलावर ‘नाशिकची स्पार्कलिंग वाईन, ब्रूट’ असेच छापलेले आहे. शॅम्पेन हे नाव फ्रान्समधील त्याच नावाच्या प्रदेशातल्या वाईनसाठी आहे, आणि आम्ही ते कोठेही वापरलेले नाही. शिवाय फळाचा गर मिसळायचाच असेल, तर महागडी आयात बाटली फोडण्यात काय हशील, असे माझे स्पष्ट मत आहे. ब्रूटमध्ये साखर लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यामुळे हापूसचा गोडवा तिच्यात उत्तम सामावतो.

आंब्याबद्दल एवढेच सांगतो की डिसेंबरात आमच्या कलमांना फार तर मोहोर असतो. त्या दिवसांत ताजा हापूस कोणी देऊ केलाच, तर त्याची जरूर चौकशी करावी.

बुडबुड्यांचा प्रश्न मात्र तपशिलाने सांगण्यासारखा आहे. व्हेनिसची बेलिनी एक भाग पीचचा गर आणि दोन भाग स्पार्कलिंग वाईन अशी करतात. आम्ही पीचऐवजी हापूस घेतो. डब्यातला गर गाळून, किंचित पातळ करून, वाईनइतकाच गार करावा लागतो, कारण गराचा प्रत्येक कण आणि प्रत्येक अंश उष्णता वाईनमधला वायू बाहेर काढते. मग पेला तिरका धरून वाईन दोन टप्प्यांत सोडायची आणि लांब चमच्याने तळापासून एकदाच हलवायचे. बाराच्या ठोक्याला सर्वांचे पेले एकदम भरता यावेत, म्हणून आपण जग आधीच मिसळून अंगणातल्या टेबलावर ठेवायला सांगितलेत. फेस टिकणार नाही, हे आमच्या मुलाने तेव्हाच नम्रपणे सुचवले होते. त्याच रात्री पेल्यागणिक ओतलेल्या कोकमाच्या वाईनबद्दल आपण एका शब्दानेही तक्रार केलेली नाही, हे येथे नोंदवावेसे वाटते. (तिच्यासाठी कोकमाचे सरबत आम्ही जिरे-मिठाशिवाय वेगळे करतो, कारण जिऱ्याची पूड पडताच वाईन काठावरून उतू जाते.)

घरी बेत करणाऱ्यांनी जगात फक्त गाळलेला गर ठेवावा आणि बाटल्या बंदच ठेवून अर्धा बर्फ, अर्धे पाणी असलेल्या बादलीत मानेपर्यंत बुडवाव्यात. नुसत्या बर्फाच्या खड्यांमध्ये पोकळी राहते आणि बाटली सावकाश गार होते. ७५० मिलीच्या एका बाटलीत १२५ मिलीचे सहा पेले बसतात. गर घातल्यावर त्याहून अधिक होतात.

वरील कारणांमुळे बिलाची रक्कम परत करणे मला योग्य वाटत नाही. मात्र यापुढे मिसळलेला जग कोणी मागितला, तरी आम्ही तो देणार नाही. मोठ्या मेजवानीत ओतण्यासाठी एक माणूस टेबलाजवळ उभा राहील आणि त्याचे वेगळे पैसे घेतले जाणार नाहीत.

आपला,
निवासाचा मालक