दोन हजार वर्षांचं वैर? आधी जमिनीचे कागद बघा

आज पुन्हा तो फॉरवर्ड आला. "अरब आणि ज्यू दोन हजार वर्षांपासून एकमेकांच्या जिवावर उठलेत, आपण कशाला डोकं लावायचं?" खाली हात जोडलेला इमोजी. नका लावू डोकं, पण मग पुढे तरी कशाला ढकलता?

एकोणिसाव्या शतकापर्यंत पॅलेस्टाईनमध्ये हेब्रॉन, सफेद, तिबेरिया, जेरुसलेम या गावांत ज्यू वस्त्या होत्याच, आणि त्यातले बरेच जण घराबाहेर अरबीच बोलायचे. सगळं गोडीगुलाबीचं होतं असं म्हणत नाही. 1834 मध्ये सफेदची ज्यू वस्ती लुटली गेली होती. पण आज जे भांडण आपण टीव्हीवर बघतो, त्याचा उगम धर्मग्रंथात शोधाल तर सापडणार नाही. तो 1858 च्या उस्मानी जमीन कायद्यात सापडेल. (तेव्हा तिथे तुर्की उस्मानी साम्राज्याचं राज्य होतं.)

त्याआधी पॅलेस्टाईनमधल्या कित्येक गावांची शेती 'मुशा' पद्धतीची होती. जमीन गावाची, कुटुंबाचा फक्त हिस्सा, आणि ठरावीक वर्षांनी चिठ्ठ्या टाकून तुकड्यांची फेरवाटणी. सरकारने सांगितलं, नोंद करा, 'तापू' म्हणजे मालकीचा दाखला घ्या. शेतकऱ्याने विचार केला, कागदावर नाव चढलं की कर मागायला येणार आणि पोराला फौजेत नेणार. मग नोंद झाली शेखच्या नावावर, शहरातल्या सावकाराच्या नावावर, किंवा झालीच नाही. बिननोंदीची जमीन सरकारने विकायला काढली. बैरूतच्या सुरसुक या व्यापारी घराण्याने 1870 च्या आसपास मर्ज इब्न आमिरचा, म्हणजे ज्यू ज्याला इज्रेलचं खोरं म्हणतात त्याचा, मोठा भाग असाच घेतला. सातबारा एकाचा आणि वहिवाट दुसऱ्याची, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको.

गंमत म्हणजे तेव्हा काहीच बिघडलं नाही. मालक बदलला तरी कूळ जागेवरच असायचं. पिकाचा वाटा बैरूतला जायचा, नांगर त्याच हाताने चालायचा.

बिघडलं ते याच खोऱ्यातल्या अल-फुला गावाला. 1910 मध्ये इलियास सुरसुकने तिथली दहा हजार दुनमच्या आसपास जमीन ज्यू राष्ट्रीय निधीसाठी, म्हणजे ज्यूंच्या वसाहतींसाठी जमिनी घेणाऱ्या संस्थेसाठी, विकली. (दुनम म्हणजे साधारण दहा गुंठे धरा, उस्मानी दुनम थोडा लहान, तेव्हा हे सव्वादोन-अडीच हजार एकर.) नाझरेथचा कायमकाम, म्हणजे आपल्या प्रांतासारखा अधिकारी, शुक्री अल-असली. त्याने खरेदीचे कागद द्यायला नकार दिला आणि वर्तमानपत्रांतून उघडपणे लिहिलं. बैरूतच्या वलीने, म्हणजे प्रांताच्या राज्यपालाने, त्याचं चालू दिलं नाही. 1911 मध्ये तिथे मेरहाविया ही ज्यू वसाहत वसली. कुळं उठली.

इथे मुद्दा समजून घ्या, कारण 'त्यांनी पैसे मोजून घेतली ना?' हा प्रश्न येणारच. मोजले. बाजारभावापेक्षा जास्तही मोजले, मान्य. पण आधीच्या ज्यू वसाहतींत अरब मजूर कामाला असायचे. पेताह तिक्वा या अशाच एका वसाहतीत 1886 मध्ये हद्द आणि चराईवरून शेजारच्या गावाशी मारामारी झाली, तरी त्यानंतरही शेजारचे लोक तिथे रोजावर जातच होते. 1904 नंतर रशियाकडून आलेल्या ज्यू तरुणांचं तत्त्व वेगळं: ज्यू जमिनीवर ज्यू हातांनीच काम. निधीचा नियमही असा की घेतलेली जमीन पुन्हा विकायची नाही, फक्त भाडेपट्ट्याने द्यायची. म्हणजे अल-फुलाच्या कुळाची जमीन गेली, मजुरी गेली, आणि पीक निघाल्यावर सगळ्यांचीच गुरं चरायची ती मोकळी रानंही गेली. राखणीला हाशोमेर या ज्यू पहारेकरी संघटनेचे बंदूकधारी घोडेस्वार. याला व्यवहार म्हणायचं तर म्हणा, शेजार म्हणू नका.

आणि तरीही मेरहावियाच्या त्या पोरांचा राग करवत नाही. रशियात 1882 च्या कायद्यांनी ज्यूंना शहरांबाहेर नव्याने राहायला बंदी केली, शेतजमिनीची दारंच बंद झाली. 1903 मध्ये किशिनेवला कत्तल झाली. जिवाच्या भीतीने निघालेल्या माणसाला रिकामं दिसणारं रान कोण कसत होतं हे विचारायचं सुचत नाही. विचारायला हवं होतं, पण सुचत नाही.

राग येतो तो इंग्रजांचा, पहिल्या महायुद्धानंतर पॅलेस्टाईनचा कारभार त्यांच्याकडे आला. पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंना राष्ट्रीय घर देऊ म्हणणाऱ्या 1917 च्या बाल्फोर जाहीरनाम्यात त्यांनी तिथल्या दहातल्या जवळजवळ नऊ लोकांना 'बिगर-ज्यू समुदाय' म्हणून गुंडाळलं. पुढे 1921 ते 1925 मध्ये सुरसुकांनी याच खोऱ्यातली गावंच्या गावं विकली, तेव्हा कुळांच्या संरक्षणाचा नियम कागदावर होता. पळवाट सोपी होती: खरेदीखत होण्याआधीच कुळाला रोख रक्कम देऊन उठवायचं, म्हणजे नोंदणीच्या दिवशी जमिनीवर कूळच नाही. रोख रक्कम सावकाराकडे जायची. नोटीस आणि भरपाई बंधनकारक करणारा कायदा आला 1929 मध्ये. अहो, तोवर खोरं विकून झालं होतं! अल-फुलाला अल-असली जे ओरडून सांगत होता, ते कळायला सरकारला जवळजवळ वीस वर्षं लागली. तोपर्यंत त्याला उस्मानी सेनापती जमाल पाशाने 1916 मध्येच फासावर चढवलं होतं, अरब राष्ट्रवादी म्हणून.

त्याच 1929 च्या ऑगस्टमध्ये हेब्रॉनला 67 ज्यू मारले गेले. त्यांत पिढ्यान् पिढ्या तिथे राहिलेली घराणी होती, अल-फुलाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. याचं समर्थन होऊच शकत नाही. कित्येकांना अरब शेजाऱ्यांनीच घरात लपवून वाचवलं, हेही त्याच गावात.

जमिनीवरून उठलेली माणसं गेली कुठे? बरीचशी हैफाच्या पत्र्याच्या झोपड्यांत, बंदरावर, रेल्वेच्या कामावर. तिथल्या इस्तिकलाल मशिदीत इझ्झुद्दीन अल-कस्साम प्रवचन द्यायचा, आणि त्याला माणसं मिळाली ती याच वस्त्यांतून. 1935 च्या नोव्हेंबरात इंग्रज पोलिसांनी त्याला मारलं. हमासच्या सशस्त्र दलाला आणि रॉकेटला त्याचंच नाव आहे. पुढच्या वर्षी अरबांनी सहा महिने संप केला. मागण्या तीन: ज्यूंचं स्थलांतर थांबवा, त्यांना जमीन विकायला बंदी करा, आणि लोकांना जबाबदार सरकार द्या. दुसरी मागणी नीट वाचा. कारण ती रेटणाऱ्या पुढारी घराण्यांतल्या काहींनी स्वतःच्या जमिनी दलालामार्फत गुपचूप विकल्या होत्या, आणि त्यांच्या कुळांना ते माहीत होतं.