‘शेवटची मूळ संख्या सापडली’ या मेसेजला उत्तर

२ चा १३,६२,७९,८४१ वा घात काढायचा आणि त्यातून १ वजा करायचा. ही मूळ संख्या ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट यांनी शोधली. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. तिच्याबद्दल फिरणारा मेसेज सांगतो की ही शेवटची मूळ संख्या आहे, क्रमाने ५२वी. सुपरकॉम्प्युटरने तिला एकेका संख्येने भागून पाहिलं. आणि यापुढे बँकांची सुरक्षा तिच्यावर चालणार. चारही गोष्टी चुकीच्या आहेत.

‘शेवटची’ मूळ संख्या नसतेच, हे युक्लिडने दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी सिद्ध केलं. २, ३, ५, ७, ११ आणि १३ यांच्या गुणाकारात १ मिळवा: ३००३१. सहापैकी कशानेही भागा, बाकी १ उरते. ३००३१ म्हणजे ५९ × ५०९, म्हणजे यादीबाहेरच्या दोन मूळ संख्या हाती आल्या. यादी कितीही लांबवा, हेच होणार. ड्युरंट यांची संख्या शोध लागला तेव्हा माहीत असलेल्यांत सर्वांत मोठी होती, एवढंच.

५२वी मूळ संख्या २३९ आहे, चौथीतलं मूलही मोजून काढेल. ड्युरंट यांची संख्या ५२वी ज्ञात ‘मर्सेन’ मूळ संख्या आहे, म्हणजे २ च्या घातातून १ वजा करून मिळणारी. त्यासाठी घातांक मूळ असावा लागतो, पण तेवढं पुरत नाही: २ चा ११वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि ते २३ × ८९ आहे.

आता भागून पाहण्याचं. एवढ्या मोठ्या संख्येला एकेका संख्येने भागणं कुठल्याही यंत्राच्या आवाक्यातलं नाही. मर्सेन संख्यांसाठी लुकास-लेहमर चाचणी आहे, आणि ती इतकी देखणी आहे की १२७ (२ चा ७वा घात वजा १) घेऊन ती वहीवर करून बघाच. ४ पासून सुरुवात. वर्ग करा, २ वजा करा, १२७ ने भागून बाकी ठेवा. असं पाच वेळा, म्हणजे घातांकापेक्षा दोनने कमी. १४, ६७, ४२, १११, ०. शेवटी शून्य आलं की संख्या मूळ, नाहीतर नाही. एकाही विभाजकाचा शोध न घेता निकाल! ड्युरंट यांच्या संख्येची पहिली चाहूल डब्लिनमधल्या एका ग्राफिक्स प्रोसेसरवर लागली, आणि लुकास-लेहमरने ती पक्की झाली टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत. सुपरकॉम्प्युटर नव्हे, भाड्याने घेतलेले क्लाउड सर्व्हर.

बँकांचं म्हणाल तर माहिती कुलूपबंद करण्याच्या आरएसए पद्धतीत २०४८ बिटांच्या (म्हणजे २०४८ द्विमान अंकांच्या) किल्लीसाठी सुमारे ३०९ अंकी दोन मूळ संख्या लागतात, आणि त्या गुप्त असाव्या लागतात. जगभरच्या बातम्यांत आलेली संख्या तिथे काय कामाची?

प्रत्यक्ष उपयोग झाला तो वेगळ्याच ठिकाणी. मर्सेन मूळ संख्या शोधण्यासाठी लिहिलेला प्राइम९५ हा प्रोग्राम प्रोसेसरला अक्षरशः घाम फोडतो, आणि २०१६ मध्ये इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरमधला दोष त्याच्यामुळेच उघडकीला आला.