"लॅबमध्ये हृदय बनलं, आता ट्रायलची गरज नाही" हे खरं नाही

ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय, की शास्त्रज्ञांनी गर्भपातातल्या भ्रूणांपासून लॅबमध्ये माणसाचं धडधडतं हृदय बनवलं, आता औषधं त्याच्यावरच तपासतात आणि प्राण्यांवरच्या, पेशंटवरच्या ट्रायल कायद्यानेच बंद झाल्यात. माझ्या मावशीची केमो चालू आहे आणि हे वाचून ती ट्रायलच्या फॉर्मवर सही करू का नको म्हणत बसलीय, म्हणून लिहितोय.

भ्रूणाचं आधी. ह्या कामात बहुतेक वेळा मोठ्या माणसाच्या रक्तातल्या नाहीतर कातडीतल्या पेशी घेतात आणि त्यांना मागे नेऊन मूळपेशी (ज्यांच्यापासून शरीरातली कुठलीही पेशी बनू शकते) बनवतात, मग त्यांच्यापासून हृदयाच्या पेशी तयार करतात. पेशी अशा मागे नेणं जपानी शास्त्रज्ञ यामानाका यांनी २००६ ला उंदराच्या आणि २००७ ला माणसाच्या पेशींवर करून दाखवलं, २०१२ चं नोबेल त्यालाच मिळालं. काही लॅब भ्रूणातल्या मूळपेशी वापरतात, पण ते भ्रूण आयव्हीएफमधून उरलेले, जेमतेम पाच-सहा दिवसांचे असतात.

आणि पूर्ण हृदय वगैरे नाहीये हो. डिशमध्ये पेशींचा थर असतो किंवा बारीकशी पट्टी, ती आपोआप आकुंचन पावते, बघायला भारी वाटतं, पण त्या पेशी गर्भातल्या बाळाच्या हृदयासारख्या कच्च्या असतात.

तरी त्या खूप कामाच्या आहेत. उंदराचं हृदय मिनिटाला ५००-६०० ठोके देतं, ठोके चालवणाऱ्या विजेच्या संकेतांची लयच वेगळी, त्यामुळे माणसाच्या ठोक्यात गडबड करणारं औषध उंदरात निसटू शकतं. पण नुसतं हृदय बघूनही भागत नाही. टरफेनाडीन ही ॲलर्जीची गोळी घ्या. एरवी लिव्हर तिचं लगेच दुसऱ्या, निरुपद्रवी औषधात रूपांतर करायचं, पण सोबत फंगसवरची केटोकोनाझोल घेतली की लिव्हरचं ते काम अडायचं, मूळ औषध रक्तात साठायचं आणि हृदयाचा ठोका जीवघेणा बिघडायचा. शेवटी ती अमेरिकेत बाजारातून काढावी लागली. आता सांगा, डिशमधल्या पट्टीला लिव्हर कुठून आणणार?

कायद्याचं म्हणाल तर अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये प्राण्यांवरच्या चाचणीची सक्ती काढली, बंदी नाही घातली, आपल्याकडेही मार्च २०२३ मध्ये नियम बदलून अशा पेशींवरच्या चाचण्यांना जागा दिली. माणसांवरच्या ट्रायल दोन्हीकडे चालूच आहेत.

मावशीला मी हेच सगळं समजावलं आणि फॉर्मबद्दल तिच्या डॉक्टरांनाच विचारायला सांगितलं, उद्या मी सोबत जातोय.