‘मेसेज येईल’ म्हणून पंधरा तास: वेर्ण्याच्या गोदामाकडून उत्तर

नमस्कार दादा,

रिव्ह्यूत तुम्ही आम्हाला एकच तारा दिलात. लिहिलेत की शनिवारी सकाळी ६ ला आमच्या गोव्यातल्या वेर्ण्याच्या गोदामावर गाडी लावली, वॉचमनने ‘मेसेज येईल तेव्हा या’ म्हणून बाजूला काढली, मेसेज आलाच नाही आणि गाडी खाली व्हायला रात्रीचे ९ वाजले. मागून आलेली गाडी पैसे घेऊन आत सोडली, असेही लिहिलेत. मी गोदामाचा मालक. उत्तराला चार दिवस लागले, कारण गेटचे रजिस्टर, मेसेजची नोंद आणि कॅमेरा मी स्वतः बसून पाहिला.

तुमचा नंबर ११.४० ला लागला होता. मेसेजही सुटला होता, पण तो गेला कोल्हापूरला, तुमच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात. बुकिंग करताना त्यांनी ऑफिसचा मोबाइल दिला होता आणि आम्ही तोच चालवला. तिथे तो कोणी पाहिला नाही. अर्ध्या तासाने आमच्या संगणकाने तुमचा नंबर रद्द करून तुम्हाला शेवटी टाकले, आणि तुम्ही गेटपासून दोनशे पावलांवर बसून होतात! दुपारी दोनदा तुम्ही खिडकीशी आलात, ते कॅमेऱ्यात दिसते. दोन्ही वेळा आमच्या माणसाने मान न उचलता हातानेच थांबायची खूण केली. ते पाहून मला लाज वाटली. ट्रान्सपोर्टवाल्यावर ढकलण्यासारखे यात काही नाही. तुमचा स्वतःचा मोबाइल नंबर विचारायला दहा सेकंदही लागली नसती.

पूर्वी गाड्यांचे वेळापत्रक कोलमडले की आम्ही सगळे कुठ्ठाळीच्या ट्रॅफिककडे बोट दाखवायचो. तिथला जुवारी नदीवरचा नवा पूल २०२३ च्या डिसेंबरात पूर्ण खुला झाला. आता गाडी वेळेवर येते आणि आमच्या दारात अडकते, म्हणजे खोट आमच्या दारात आहे.

पैशांचे मात्र मी मान्य करणार नाही. आधी आत गेलेली गाडी थंड मालाची होती, औषधांची. ती उन्हात उभी ठेवता येत नाही, रजिस्टरला तसे लिहिलेले आहे. पण तुम्हाला कोणी सांगितलेच नाही, तेव्हा संशय येणारच.

सोमवारपासून गेटवर ड्रायव्हरचा स्वतःचा नंबर घेतो आणि त्याच्यासमोर मिसकॉल देऊन खात्री करतो. मेसेजला उत्तर आले नाही म्हणून यापुढे नंबर रद्द होणार नाही. आधी फोन, फोन लागला नाही तर माणूस चालत गाडीपर्यंत जाईल. अ‍ॅप लागत नाही, साधा बटणांचा फोन पुरतो. आमचा मेसेज इंग्रजीत होता, हीसुद्धा चूकच. मराठी, हिंदी, कानडी नमुने नोंदणीला दिले आहेत. असे मेसेज मोबाइल कंपनीकडून आधी मंजूर करून घ्यावे लागतात, तोवर गेटवरचा माणूस तोंडी सांगेल. बांद्याकडून येताना पत्रादेवीची गोव्याची हद्द ओलांडलीत की गेटला मिसकॉल द्या. आम्ही उलट फोन करून किती गाड्या पुढे आहेत ते सांगू. गर्दी असेल तर वाटेत जेवूनखाऊन निवांत या.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, पण त्याआधीच्या गाड्यांचा पत्रा दुपारी किती तापतो ते मी त्या दिवशी तुमच्या केबिनशेजारी उभा राहिलो असतो तर कळले असते. गेटजवळची खोली आता ड्रायव्हर-क्लीनरसाठी उघडी आहे. पंखा, पाणी, चार्जिंग आहे, बाथरूमची किल्ली मागावी लागत नाही.

तुमचे परतीचे भाडे हुकले, ते मी परत आणू शकत नाही. त्या दिवसाचे हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबून राहिल्याचे पैसे, ट्रान्सपोर्टला पाठवले आहे. त्यातले तुमचे पैसे हातात पडले नसतील तर गेटच्या नंबरवर फोन करा, मी त्यांच्याशी बोलतो.