विश्राम, दिवसभर

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराआड जी दिनदर्शिका लटकते, तिच्यावर तिथी, वार आणि नक्षत्र यांच्याखेरीज पुष्कळ गोष्टींची नोंद असते. दूध अर्धा लिटर जादा कोणत्या दिवशी घेतले, गॅसचा सिलिंडर कधी लावला, कामवाल्या मावशींचे किती खाडे झाले, इस्त्रीला किती कपडे गेले, हा घराचा सारा हिशेब त्या चौकटींत बारीक पेन्सिलीने मांडलेला असतो. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी, नवा सिलिंडर किती दिवस पुरेल याचा अंदाज घ्यावा म्हणून मी पुढचे पान उलटले, तर तारखा दिसेनात. प्रत्येक चौकटीत कोणी ना कोणी काही ना काही लिहून ठेवले होते. पेन्सिलीची अक्षरे पत्नीची होती, हिरव्या स्केचपेनाची मुलीची होती, आणि आई स्वतः लिहीत नसली तरी कोणाला तरी हाताशी धरून लिहवून घेते, त्यामुळे तिच्या नोंदी दोन्ही रंगांत होत्या. माझ्या हस्ताक्षरातले त्या पानावर एक अक्षरही नव्हते. मात्र जवळपास प्रत्येक नोंदीपुढे कंसात ‘सर्वांनी’ असे लिहिलेले होते, आणि त्या ‘सर्वां’मध्ये गाडी चालवणारा, पिशव्या उचलणारा आणि ‘फोटो काढा हो एक’ असे ज्याला सांगितले जाते तो, असे तिघे जण मीच होतो.

पुण्यात वर्षभराचा आनंद डिसेंबरात उरकण्याची पद्धत आहे. पाऊस संपून थंडी पडलेली असते, पौषात लग्ने टाळायची म्हणून मार्गशीर्षातच मंडळी मांडव घालून मोकळी होतात, नाताळच्या सुटीमुळे परदेशातले नातेवाईक येतात, ज्वारी हुरड्यात येऊ लागते, शाळांची स्नेहसंमेलने लागतात, आणि ज्यांना यांपैकी काहीच नसते ते लोक सहलीला निघतात व जाताना आपल्याला बरोबर नेतात. यांतल्या एकेका गोष्टीला माझा मुळीच विरोध नाही. जिलबीलाही माझा विरोध नसतो, पण ३१ जिलब्या एका बैठकीत खाव्या लागल्या तर माणूस पहिल्या जिलबीविषयीही वाईट बोलू लागतो.

त्या पानावर फक्त २८ तारखेची, रविवारची चौकट कोरी होती. मी आजूबाजूला पाहिले, फ्रिजवरची पेन्सिल उचलली आणि आयुष्यात पहिल्यांदाच दिनदर्शिकेवर माझी स्वतःची नोंद केली: ‘विश्राम, दिवसभर’.

संध्याकाळी पत्नीने विचारले, “अहो, हे विश्राम कोण?”

खरे सांगायला मला फार तर दोन वाक्ये लागली असती. परंतु ‘विश्राम म्हणजे विश्रांती, मला सोफ्यावर पडून राहायचे आहे’ असे म्हटले असते, तर ती चौकट पाच मिनिटांत पेन्सिलीने भरली असती, हे मला लग्नाच्या २७ वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होते. मी वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणालो, “शाळेतला.”

“आणि दिवसभर?”

“लांब राहतो.”

एवढ्यात आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, “वाड्यामागे राहायचा तो विश्राम का रे? त्याची आई फार गुणाची बाई होती.” जो मुलगा जन्मालाच आला नाही त्याच्या आईचे गुण माझ्या आईला आठवले, हे ऐकून मला थोडे अपराधी वाटले, पण विषय तिथेच मिटला म्हणून मी गप्प बसलो.

पहिला पंधरवडा कसा गेला हे मला तुकड्यातुकड्यांनीच आठवते. भाच्याचे केळवण आमच्याकडे झाले. पूर्वी केळवण म्हणजे नवरदेवाला जेवायला बोलावून पोटभर वाढणे एवढेच असे. आता टेबलावर झेंडूच्या पाकळ्यांनी त्याचे नाव लिहावे लागते, आणि ते अक्षर बिघडू नये म्हणून जेवण त्या टेबलावर करता येत नाही. मग त्याचे लग्न झाले. दत्तजयंतीला आईला नारायणपूरला जायचे होते, आणि त्या दिवशी दिवे घाटात आमच्या पुढेमागे जी वाहने होती त्यांवरून उभ्या महाराष्ट्रातल्या आयांना त्याच दिवशी तिथेच जायचे असावे. मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी पत्नीला महालक्ष्मीच्या हळदीकुंकवाची सहा घरची बोलावणी होती. सहा इमारतींखाली मी स्कूटरवर बसून राहिलो. ती दर वेळी एक फळ आणि महालक्ष्मीच्या व्रताची एक पोथी घेऊन उतरत असे, त्यामुळे आज आमच्या घरी त्याच पोथीच्या मागच्या वर्षीच्या धरून अकरा प्रती आहेत.

‘सवाई’विषयी मात्र थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. भीमसेन जोशी यांनी १९५३ साली आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा महोत्सव पूर्वी रात्र रात्र चालत असे, आणि पहाटे घरी परतून तसेच कचेरीला गेल्याच्या कहाण्या सांगणारे लोक पुण्यात इतके आहेत की त्या काळी रात्री घरी झोपलेला एकही पुणेकर मला अद्याप भेटलेला नाही. ध्वनिक्षेपकाच्या नियमांमुळे आता मैफली वेळेत संपतात. कचेरीतल्या एका रसिक मित्राने माझेही भारतीय बैठकीचे तिकीट काढून ठेवले होते. भारतीय बैठक हा शब्द ऐकायला अभिमानास्पद आहे. परंतु पन्नाशीनंतर ती बैठक गुडघ्यांना मान्य होत नाही. विलंबित ख्यालाच्या सुरुवातीला मी मांडी घातली, आणि द्रुत सुरू होईपर्यंत माझा डावा पाय माझा उरला नव्हता. समेवर सगळ्यांनी मान हलवली तेव्हा मीही हलवली, कारण शरीराचा तेवढाच भाग हलण्याच्या स्थितीत होता. मित्र कौतुकाने म्हणाला, “तुला कळतं रे गाणं!”

१४ तारखेला आमच्या दहावीच्या तुकडीचे सहकुटुंब स्नेहमीलन होते. ज्यांना मी ओळखलेच नाही अशा पाच जणांनी मला मिठ्या मारल्या, आणि ज्याला मी मोठ्या प्रेमाने मिठी मारली तो हॉटेलचा व्यवस्थापक निघाला. तरीही सारे सुरळीत चालले होते. मग पनीरचे तुकडे वाढून घेता घेता पत्नीने अगदी सहज विचारले, “तुमच्यातले ते विश्राम नाही आले का?”

माझ्या हातातला चमचा खाली पडला. टेबलाभोवती क्षणभर शांतता पसरली आणि मला वाटले, झाले, आता सोक्षमोक्ष लागणार. परंतु ४० वर्षांनी भेटलेल्या माणसांना एकच भीती असते, ती म्हणजे आपली स्मरणशक्ती गेली असे बायकोसमोर सिद्ध होण्याची. एक जण म्हणाला, “विश्राम! मागच्या बाकावर बसायचा. उंच होता.” दुसरा म्हणाला, “उंच नव्हे रे, जाड.” तिसऱ्याला विश्रामने गणिताच्या पेपरात मदत केल्याचे आठवले, आणि चौथा, जो शाळेत असतानाही हिशेबाला पक्का होता, तो गंभीरपणे म्हणाला, “त्याच्याकडे माझे वीस रुपये आहेत.” विश्रामचा नंबर सर्वांनी माझ्याकडे मागितला. तो सध्या फोन वापरत नाही, असे मी सांगितले, तेव्हा “पहिल्यापासून तसाच विक्षिप्त,” यावर एकमत झाले.

२० तारखेला सोसायटीचे वार्षिक संमेलन झाले. अशा संमेलनात बायका लावणी करतात, मुले हिंदी गाण्यांवर नाचतात, आणि पुरुषांचे काय करायचे हा प्रश्न उरतो; तो दिंडीने सुटतो. पांढरा सदरा प्रत्येकाकडे असतो, टोपी भाड्याने मिळते, टाळ हातात दिले की हातांचे काय करावे हा पेच राहत नाही, आणि विठ्ठलाचे नाव असल्यामुळे कितीही वाईट नाचले तरी कोणी हसत नाही. तीन आठवडे रोज रात्री नऊ वाजता पार्किंगमध्ये आमचा सराव चालला होता. पावली शिकवणाऱ्या बाई ‘उजवा पुढे, डावा मागे’ असे ओरडत, आणि आम्ही चौदा प्रौढ गृहस्थ, ज्यांतले तिघे तर आयकर भरण्याविषयी इतरांना सल्ला देतात, उजवे-डावे कोणते यावर तिथेच वाद घालत असू. प्रत्यक्ष कार्यक्रमात अध्यक्षांचे प्रास्ताविक पाऊण तास चालले, कारण त्यांनी त्यात पाण्याचा टँकर, पाहुण्यांच्या गाड्या आणि गच्चीवर वाळत घातलेले गहू हे तिन्ही विषय घेतले. आम्ही टाळ घेऊन पडद्यामागे थंडीत कुडकुडत होतो. शेवटी ज्ञानोबा-तुकारामांचा गजर झाला, आम्ही मंचावर गेलो, आणि तिसऱ्याच पावलाला ध्वनिक्षेपक बंद पडला. गाणे थांबले, पण आपण थांबावे की नाही हे बाईंनी शिकवलेले नव्हते. आम्ही नुसत्या टाळांवर पुढे-मागे करीत राहिलो. माझ्यापुढचे गृहस्थ मागे आले, मी पुढे गेलो, आणि त्यांची टोपी माझ्या नाकावर बसली. आम्हाला उत्तेजनार्थ पारितोषिक मिळाले. स्टीलचा डबा आहे, झाकण बसत नाही.

दुसऱ्याच दिवशी हुरडा होता, आणि तो खास न्यू जर्सीहून आलेल्या मेहुण्यांसाठी योजलेला होता. माझ्या लहानपणी हुरडा म्हणजे मामाच्या शेतात बांधावर खड्डा खणून गोवऱ्यांची आगटी पेटवायची, कोवळी कणसे त्या निखाऱ्यांत भाजायची, तळहातांवर गरमगरम चोळायची, आणि फुंकर मारून उरलेले हिरवे दाणे लसणीच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. आता त्यासाठी सोलापूर रस्त्याने यवतच्या पुढे जावे लागते, मनगटाला कागदी पट्टा बांधून घ्यावा लागतो, आणि प्रवेशशुल्कात बैलगाडीची फेरी, कुंभाराचे चाक, जादूचे प्रयोग व कृत्रिम पावसात नाच या गोष्टी घ्याव्याच लागतात. हडपसर ओलांडायलाच आम्हाला पाऊण तास लागला. मेहुण्यांनी विचारले, “हे ग्लूटेन-फ्री असतं का?” ते असते, ज्वारीत मुळातच ग्लूटेन नसते. हे कळल्यावर त्यांनी आईला ज्वारी खाण्याचे फायदे समजावून सांगितले. गेली ७० वर्षे दोन्ही वेळा भाकरी खात आलेल्या माझ्या आईने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “बरं झालं सांगितलंत. आता हुरड्यावर पाणी पिऊ नका, ताक प्या.” मेहुण्यांनी पाणी प्यायले. त्यानंतरचा त्यांचा दिवस बैलगाडीत गेला नाही, एवढेच सांगतो.

मला मात्र त्या आगटीपाशी बसलेल्या आजींनी खुणेने बोलावले. पट्टेवाले सगळे पावसात नाचायला गेले होते. त्यांनी सुरती हुरड्याची चार कणसे माझ्यासमोर चोळली, दाणे माझ्या ओंजळीत ओतले, आणि वर गुळाचा खडा ठेवला. सबंध महिन्यात मला कोणी काही उचलायला, चालवायला किंवा हसायला न सांगता गेलेली ती बारा मिनिटे होती. तेराव्या मिनिटाला ध्वनिक्षेपकावरून माझ्या गाडीचा नंबर पुकारला गेला.

महाबळेश्वरचे मी सांगत नाही. २४ तारखेला पसरणी घाटात ज्यांनी रात्र काढली असेल त्यांना ते ठाऊक आहे, आणि ज्यांनी काढली नसेल त्यांना सांगून पटणार नाही. स्ट्रॉबेरी गोड होत्या.

२७ तारखेच्या रात्री आम्ही परतलो. उद्याचा दिवस माझा आहे या विचाराने मला झोप लागेना. सकाळी सात वाजता उठून पाहतो, तर स्वयंपाकघरात पुरणाचा वास सुटलेला, मुलगी आवरून बसलेली, आई ठेवणीतले लुगडे नेसलेली, आणि मेहुणे ताक पीत उभे.

“हे काय?” मी विचारले.

“विश्रामरावांकडे जायचं ना?” पत्नी म्हणाली. “तुम्ही एकटेच गेलात तर ते काय म्हणतील? त्यांच्या आईंनाही भेटायचंय आईंना. तुमच्या तुकडीतले ते वीस रुपयांचे गृहस्थ कोपऱ्यावर थांबतो म्हणालेत.”

मी तसाच सोफ्यावर बसलो. महिन्याभरात प्रथमच बसलो होतो. पण त्या बसण्यात सुख नव्हते. सहा डोळे माझ्याकडे पाहत होते, मेहुण्यांचे धरून आठ. मी खिशातून फोन काढला, बंद पडद्याकडे काही वेळ पाहिले आणि जड आवाजात म्हणालो, “विश्रामचा निरोप आलाय. त्याला बरं नाही.”

सगळ्यांचे चेहरे उतरले. आईने देवापुढे निरांजन लावले. पुरणपोळ्या आम्हीच खाल्ल्या, दुपारी सगळे आपापल्या खोलीत झोपले, आणि घर इतके शांत झाले की घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मीही सोफ्यावर लांब झालो. साडेचार वाजेपर्यंत मी जो झोपलो, त्याला तोड नाही.

उठून पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तेव्हा दाराआड नवी दिनदर्शिका लटकत होती. जानेवारीचे पान बहुतेक कोरे होते. फक्त ४ तारखेच्या चौकटीत, रविवारी, पत्नीच्या बारीक पेन्सिलीने लिहिले होते: ‘विश्रामरावांना बघायला जाणे, सकाळी ९ (सर्वांनी). शहाळी घेणे.’