करंट गायब? तपासू नका, बदलत सुटा

कुणाची तरी जुनी, पॉइंटवाली (म्हणजे जिच्यात ठिणगीसाठीचा करंट दोन छोटे संपर्क उघडझाप करून तोडतात-जोडतात अशी) गाडी बंद पडली आहे आणि बोनेट उघडायला तुम्हाला बोलावलंय. सेल्फ मारला की इंजिन मजेत गरगरतं, पेट्रोलचा वास नाकात जातो, पण पेटायचं नाव नाही. प्लग काढून इंजिनाला टेकवला तर ठिणगीचा पत्ता नाही. उत्तम! आता मालकाचे पुढचे एकोणीस दिवस तुमच्या हातात आहेत. माझे नुकतेच एका मेकॅनिकच्या हातात होते, म्हणून या शास्त्रातल्या चार खुब्या सांगतो.

निदान आधी करायचं. तपासणी नंतर, आणि जमलं तर नाहीच. बोनेट अर्धं वर गेलं की लगेच "कॉइल गेली" म्हणून मोकळं व्हायचं; कॉइल म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज ठिणगीपुरतं वाढवणारा डबा. आवाज ठाम हवा, बाकी काही नसलं तरी चालतं.

टेस्ट लॅम्प, म्हणजे वायरीत करंट आहे का ते दाखवणारा छोटा दिवा, असलाच तर लपवून ठेवा.

पॉइंटचा गॅप नखाने मोजा. फट मोजायच्या फिलर गेजच्या पातीवर 0.4 मिलिमीटर वगैरे कोरलेलं असतं, ते तुमच्यासारखी अनुभवी नखं नसलेल्या लोकांसाठी. गाडी बरेच दिवस उभी असेल तर पॉइंटवर गंजाचा पातळ थर येतो आणि पॉलिश पेपरच्या दोन हातांत तो जातो, हे मालकाला मुळीच कळू देऊ नका. एवढ्यात काम झालं तर आपण आलो कशाला?

करंट येतोय का बघायला प्लगची लीड (जाड वायर) मालकाच्या हातात द्या. ओरडला तर येतोय. आणि इंजिनावर पेट्रोल सांडलेलं असतानाच हा प्रयोग करा, म्हणजे एकदाच काय तो निकाल लागेल.

चावी चालू ठेवून निवांत गप्पा मारा. पॉइंट मिटलेले असले तर कॉइल छान तापते. मग "बघा, म्हटलं नव्हतं?" म्हणता येतं.

गाडी सेल्फ मारताना पेटते आणि चावी सोडली की विझते, असं मालक सांगू लागला तर त्याला मधेच तोडा. काही गाड्यांत कॉइलच्या आधी करंट कमी करणारा बॅलास्ट रेझिस्टर असतो, सेल्फ मारताना तो वगळला जातो, आणि तो तुटला की नेमकं असंच होतं. पण मालकाचं ऐकून रोग सापडला तर तुमची अब्रू ती काय राहिली!

आता खरी विद्या, पार्ट बदलण्याची. आधी कॉइल. पेटली नाही? प्लग. नाही? प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे कॅप आणि रोटर. नाही? पॉइंटला जोडलेला, त्यांच्यावर उडणारी ठिणगी शोषणारा कंडेन्सर. मग "बॅटरीच मुळात कमजोर आहे" असं म्हणत बॅटरी. ज्या बॅटरीवर इंजिन एकोणीस दिवस दणादण फिरतंय ती कमजोर! मी विचारलं, कॉइल तपासली होती का? "साहेब, बघूनच कळतं." बघूनच? कॉइलच्या डब्यात काय दिसतं हो तुम्हाला? मी ती जुनी कॉइल भंगाराच्या खोक्यातून उचलून घरी आणली आणि मीटर लावला. आतलं प्रायमरी वेटोळं 3 ओम, सेकंडरीही जागेवर. ठणठणीत. तिच्यासारखीच ठणठणीत कॅप आणि ठणठणीत रोटर त्याच खोक्यात पडले होते. शेवटी सल्ला काय, तर "हे सगळं काढून इलेक्ट्रॉनिक बसवून घ्या." म्हणजे सापडत नाही, म्हणून घरच पाडा.

मग मी स्वतः बसलो. कॉइलच्या मायनसवर लॅम्पचं एक टोक, दुसरं अर्थला (गाडीच्या बॉडीला), आणि घरच्यांना सेल्फ मारायला सांगितला. पॉइंट उघडझाप करत असतील तर दिवा लुकलुकायला हवा. हा पठ्ठ्या सलग पेटून राहिला. म्हणजे कॉइलपर्यंत पुरवठा येतोय, पण पुढे अर्थ मिळत नाही. डिस्ट्रिब्युटर उघडला. पॉइंट मिटत होते. उरली पॉइंटपर्यंत आत जाणारी वीतभरही नसलेली वायर. इंजिनाच्या व्हॅक्यूमवर (हवेच्या ओढीवर) पॉइंटची प्लेट हलते तशी ही रोज वाकते. वरून अगदी धडधाकट. चिमट्याने हलकेच ओढली तर रबरासारखी लांबली, आतलं तांबं केव्हाच तुटलं होतं.

वायर बदलली. तरी ठिणगी नाही! आता दिवा पेटेचना. म्हणजे कुठेतरी कायमचा अर्थ. कंडेन्सरची वायर सोडवली आणि दिवा लुकलुकू लागला. तो नवाकोरा, खोक्यातून काढून बसवलेला कंडेन्सर आतून शॉर्ट होता. एक बिघाड शोधायला आलेल्या माणसाने दुसरा बसवून दिला होता.

अहो, करंटची वाट असते तरी केवढी? बॅटरी, स्विच, कॉइल, पॉइंट, अर्थ. पुढे कॉइलची जाड लीड, रोटर, कॅप, प्लग. एवढ्याशा वाटेवर एक दिवा घेऊन चालायचं, जिथे अंधार तिथे थांबायचं. अर्ध्या तासाचं काम आहे. येत नसेल तर येत नाही म्हणा, कुणी फाशी देत नाही. पण लोकांच्या चालत्या गाड्यांचे चांगले पार्ट उपटून त्याला अनुभव म्हणू नका. लाज वाटू द्या थोडी.

आणि माझा जुना कंडेन्सर कुठे टाकलात ते सांगा. खोक्यात नव्हता. तो चांगला होता आणि मला तो परत हवा आहे.